रुतलेल्या गाड्यांची माणसं

आधी एक गैरसमज दूर करते. आमच्याकडे क्रेन नव्हती. आर्णीत आजही मला कोणी 'क्रेनवाल्या वहिनी' म्हणून हाक मारतं, पण होती ती डिझेलवरची मोठी पिकअप. चारही चाकांना जोर लावता येणारी, पुढे लोखंडी दोराची चरखी, म्हणजे विंच, आणि मागे ओढायचा पट्टा अडकवायला मनगटाएवढा हूक. घेतली होती सरकीची पोती वाहायला. रुतलेल्या गाड्या ओढायचं काम नंतर तिच्या गळ्यात पडलं आणि तिच्यामागून माझ्या.

गाडी माझे यजमान भास्कर चालवायचे. गाव त्यांना भास्करभाऊ म्हणतं. इथे मीही तेच लिहिते, नाहीतर पानभर नुसतं 'हे' आणि 'त्यांनी' होईल. स्टिअरिंगवर ते, बाहेर उभी मी. बरीच वर्षं असं चाललं. मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि हे दोघांचं काम टिकतं की जातं, एवढी एकच काळजी घरात उरली. लिहायचं आहे ते त्याबद्दलच. पण मला क्रमाशिवाय जमत नाही, म्हणून आधी काम समजावून सांगते. काम कळलं नाही तर काळजीही कळणार नाही.

आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसात चाक धरून ठेवते. गाडी रुतली की माणूस पहिल्यांदा रेस देतो. चाक जागच्या जागी फिरतं, खड्डा खोल होतो. मग तो धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, कुटार आणून चाकाखाली घालतो. सोयाबीन मळून उरलेला भुसा म्हणजे कुटार. ढीग जवळच असतो, हातात कोरडं आणि भरभक्कम वाटतं. ओल्या मातीत पडलं की त्याचा साबण होतो. ही चूक आमच्या भागात शिकलेला, न शिकलेला, सगळेच करतात. आम्ही पोहोचायचो तेव्हा गाडी पोटापर्यंत आत आणि भोवती पिवळं रिंगण. भास्करभाऊ उतरता उतरता म्हणायचे, "काय जी, गाडीले चारा टाकला वाटते! खाल्ला का तिनं?"

कुटार नको, पऱ्हाटी पाहिजे. कापूस संपल्यावर उपटलेली कपाशीची वाळकी झाडं. त्यांचे बुडखे चाकासमोर आडवे दाट रचायचे, वर फळ्या टाकायच्या. मग ओढणाऱ्या गाडीच्या डाल्यात, म्हणजे मागच्या उघड्या भागात, वजन भरायचं. रिकामी पिकअप कितीही दमदार असो, तिची मागची चाकं नाचतात. आमच्याकडे वाळूची पोती असत. विंच लावली आणि पोती कमी पडली तर जमलेली माणसं डाल्यात बसवायची. "वजनदार मंडळी आधी चढा" असं मी म्हटलं की गावोगावी तेच घडायचं: सगळे हसायचे, एकमेकांना पुढे ढकलायचे, आणि पुढारी स्वतःहून चढायचे.

दोरावर नेहमी एक जाड गोधडी टाकायची. ताणलेला दोर तुटला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. गोधडीच्या वजनाने तो खाली बसतो. पट्टा असो की दोर, त्याच्याजवळ कोणी उभं राहायचं नाही, हा आमचा सगळ्यात कडक नियम. एका पट्ट्याने बाभळीची फांदी छाटलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. आणि शेवटचं, गाडी ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने मागे काढायची. तिच्याच चाकांनी ती चाकोरी दाबून पक्की केलेली असते. पुढे काय आहे ते कोणाला ठाऊक?

बाहेर एकच माणूस हवा. ओढणाऱ्याला रुतलेलं चाक दिसत नाही. बाहेरच्याचा हात दिसतो, त्यावर तो चालतो. मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर पावत्या लिहायची तेव्हा एकदा भास्करभाऊंबरोबर घरी येत होते. वाटेत प्रवासी जीप रुतलेली. यांनी पट्टा लावला आणि सगळी जीप एकदम ओरडायला लागली. एक म्हणतो डावीकडे, एक म्हणतो उजवीकडे, एक आजोबा म्हणतात देवाचं नाव घ्या. भास्करभाऊंनी काचेतून डोकं काढलं.

"वंदना, तू उतर. तू एकटी सांग. बाकीचे चूप!"

मी उतरले, हात वर केला, सगळे गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एका हातावर एवढं काही हललं. जिनिंगचं काम मी त्याच हंगामात सोडलं.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. राळेगावकडच्या एका गृहस्थाने नव्या गाडीला हूक लावू दिला नाही, ओरखडा पडेल म्हणून. शेवटी स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा काढून हुकाला गुंडाळला. गाडी निघाली, दुपट्टा फाटला, आणि तो फाटका दुपट्टा हातात धरून ते आम्हाला म्हणाले, "पाहा, मी सांगत होतो ना!" आम्ही हो म्हटलं.

पण मला सारखी आठवते ती एका नवरीची गाडी.

वैशाखातलं लग्न होतं, अवकाळी पाऊस होऊन गेलेला. आर्णीजवळच्याच एका गावातून नवरी वाटी लावली, म्हणजे तिची पाठवणी झाली, आणि शिवेवरच्या नाल्यात, रपट्याच्या म्हणजे बुटक्या फरशीपुलाच्या कडेवरून घसरून, तिची गाडी गाळात बसली. आम्ही गावाच्या बाजूने पोहोचलो. भास्करभाऊंनी एक नजर टाकली आणि पट्टा मागच्या बाजूला लावायला सांगितला. तेवढ्यात नवरदेवाचे मामा आडवे आले.

"कुठीसा ओढता? मागं? नवरी निघाली का गाडी मागं फिरत नसते."

"मामा, पुढं गाळ हाय. मागं जमीन पक्की हाय."

"जमीन पक्की असन, आमचं मन कच्चं हाय. पुढंच ओढा."

आम्ही बौद्ध. आमच्या घरात शकुन-अपशकुन कोणी मानत नाही. भास्करभाऊ तर असलं काही ऐकलं की चष्मा पुसायला घेतात. पण गिऱ्हाइकाच्या रीतीशी वाद घालायचा नाही, हा माझा नियम. मी म्हटलं, पुढे ओढू, पण भरल्या गाडीला दोर लावणार नाही. नवरीला उतरवा.

"एकदा बसली का ते सासरच्या दारातच उतरते," मामा म्हणाले.

तेवढ्यात गाडीची काच खाली झाली. "काकू, मले उतरायचं हाय. पाय सुन्न पडला माहा." शेजारी नवरदेव होता; तो आपल्या मामांच्या फेट्याकडे बघत बसला.

मी फळ्या मागवल्या. पिकअप रपट्यावर तिच्या दाराजवळ घेतली आणि दारापासून आमच्या डाल्यापर्यंत पऱ्हाटीवर फळ्यांची वाट केली. "मामा, जमिनीले पाय नाही लागला म्हणजे उतरली नाही. बराबर ना?"

मामांनी बराच विचार केला. "हे चालन," म्हणाले.

नवरी शालू सावरत फळ्यांवरून आली आणि वाळूच्या पोत्यावर बसली. तिच्या मागे मामा, दोन काका आणि ढोलवाला, असं वजन भरलं. भास्करभाऊंनी पिकअप पलीकडे नेली, तोंड वळवलं, मागचा हूक साखळीने बाभळीला बांधला आणि विंचचा दोर सोडला. मी दोरावर गोधडी टाकून बाजूला उभी राहिले. गाडी सहज निघाली नाही. दोनदा दोर सैल करून पऱ्हाटी पुन्हा रचावी लागली. तिसऱ्या खेपेला पुढची चाकं पऱ्हाटीवर चढली तेव्हा डाल्यातून सर्वांत मोठ्याने ओरडली ती नवरी. तिचं वजनही तिच्या गाडीच्या कामी आलं होतं.

वरात गेली. आम्ही परत फिरलो तर अलीकडच्या काठावर तिचा बाप उभा होता. आम्ही ओढत होतो तेवढा वेळ तो जागचा हलला नव्हता. भास्करभाऊंनी गाडी थांबवली. तो खिडकीशी आला.

"भाऊ, मागं ओढली असती तं बरं झालं असतं," तो हळूच म्हणाला. "आजचा मुक्काम झाला असता तिचा."

 भास्करभाऊंनी खिडकीतून हात काढून त्या माणसाच्या खांद्यावर ठेवला. आर्णी जवळ आल्यावर मला म्हणाले, "मागं काढायचा नियम आपलाच बराबर होता वं."

त्यानंतर रस्ते सुधारत गेले. रपट्यांच्या जागी पूल झाले, शेतरस्त्यांवर खडी पडली. फोन कमी झाले. हे चांगलंच झालं, कोणी रुतावं असं कशाला म्हणायचं? तरी पाऊस धरला की मी पट्टे, ते जोडायच्या लोखंडी कड्या, गोधडी, फळ्या एकदा मोजून जागच्या जागी लावायची आणि फोन हाताशी ठेवून स्वयंपाक करायची. भास्करभाऊ खुर्ची दारात घेऊन बसायचे. दोघंही एकमेकांना सांगत नसू की आपण वाट पाहतो आहोत.

अशाच एका पावसाळ्यात, दिवसाढवळ्या, एका शेताच्या बांधावर आम्ही ट्रॉली ओढत होतो. मी नेहमीच्या जागी, त्यांच्या आरशात दिसेल अशी उभी. हात वर केला, म्हणजे थांबा. गाडी थांबेना. मी ओरडले तेव्हा थांबली.

"वंदना, हात दाखव ना! नुसती काहून उभी राह्यली?"

हात वरच होता.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजरेच्या कडा गेल्या आहेत. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपायचं. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या वेळा मी लिहून फ्रिजवर लावल्या. एकही वेळ चुकू दिली नाही. तरी कडा आत सरकत राहिल्या. गाडी चालवणं त्यांनी स्वतःहून बंद केलं. मला सांगावं लागलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मग मी ठरवलं की आपण जागा बदलू. मी चालवेन, ते बाहेर थांबतील. हूक, कडी, पट्टा हे सगळं त्यांना डोळे मिटूनही लावता येत होतं. मातीत पाय ठेवला की ती किती धरणार हे त्यांना कळत होतं. फक्त माझ्या हाती गाडी यायला हवी होती. या वयात मी शिकायला बसले. शिकवायला तेच.

"क्लच सोडून राह्यली का पोळी लाटून राह्यली?"

"तुम्ही पोळी लाटून दाखवा जी, मंग बोला."

"मी लाटतो. पण पोळी असं गचके नाही देत."

लायसन्स मिळालं त्या दिवशी आम्ही दोघांनी स्टँडवर बसून चहा-भजी खाल्ली. पंधरवडाभर ते खुशीत होते. हाक आली की 'आम्ही येऊन राह्यलो' असं फोनवर मोठ्याने सांगायचे. सोप्या दोन-तीन गाड्या आम्ही काढल्यासुद्धा, कोरड्या जागेतल्या. पलीकडून त्यांचा "हं, ये! ये! बस्स!" असा आवाज यायचा आणि मी त्या आवाजावर गाडी चालवायची. वाटलं, जमलं.

सोयाबीनची कापणी उरकत आली होती तेव्हा एका मंडपवाल्याचा टेम्पो शेतात फसला. खांब, खुर्च्या, कनाती, सगळं लादलेलं. दुपारची वेळ, ऊन लख्ख. मालक माझ्याजवळ येऊन हळू बोलला.

"वहिनी, भाऊले दिसते ना?"

भास्करभाऊंनी ऐकलं. "तुह्या टेम्पोचं बूड माह्या हाताले दिसते. तू फक्त तुह्ये खुर्च्या उतरव."

त्यांनी टेम्पोच्या मागच्या बाजूला कडी लावली, पट्टा आमच्या हुकात अडकवला, हाताने चाचपून पीळ काढला, गोधडी टाकली. मी पहिल्या गिअरवर हळू क्लच सोडला. पट्टा ताणला गेला. इंजिनाचा आवाज जड झाला. "ये!" आवाज आला. मी थोडी पुढे गेले. "ये!" टेम्पो हलला असावा, कारण मालक टाळ्या वाजवत होता.

मी आरशात पाहिलं. भास्करभाऊ पट्ट्याला चिकटून उभे होते. गोधडी बाजूला सरकवून त्यांनी ताणलेल्या पट्ट्यावर तळहात टेकवला होता. पट्टा किती ताणला हे ते हाताने पाहत होते. डोळ्यांचं काम त्यांनी हाताला दिलं होतं. तोंड थोडं वर, कान इंजिनाकडे, आणि चेहरा असा, की इतक्या महिन्यांत तो मी पाहिला नव्हता. पूर्ण कामात असलेल्या माणसाचा.

टेम्पो निघत होता. अजून थोडा जोर दिला असता तर वर आला असता. मी पाय काढला, गाडी बंद केली आणि हँडब्रेक ओढला.

"काहून थांबली?" ते ओरडले. "येऊन राह्यला होता ना!"

"कडी सरकत होती जी," मी म्हटलं.

मालक म्हणाला, "नाही वहिनी, कडी तं—" मी त्याच्याकडे पाहिलं. तो खुर्च्यांकडे वळला.

भास्करभाऊंनी कडी चाचपली. पट्टा चाचपला. मग तिथेच उभं राहून, गोधडीची घडी घालता घालता म्हणाले, "माह्या हातची कडी आजवर सरकली नाही."

 टेम्पो नंतर शेजारच्या ट्रॅक्टरने काढला. घरी येताना ते माझ्या शेजारी बसले होते. गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "कुठी उभा होतो मी?"

"पट्ट्याजवळ."

"हात होता त्याच्यावर?"

"हो."

त्यांनी तळहात मांडीवर पुसला. मग म्हणाले, "मंग तू बराबर थांबली. विकून टाकू."

ढाणकीचा गजानन म्हणून एक जण आहे. खोदकामाचं मशीन आणि ट्रॅक्टर भाड्याने देतो. त्या भागात शेतरस्ते अजून कच्चे आहेत, गाड्या अजून रुततात. त्याने गाडी घेतली. मी पट्टे, कड्या, फळ्या, सगळं तपासून त्याच्या ताब्यात दिलं. गोधडी द्यावी की ठेवावी असा विचार मनात आला, पण दोरावर गोधडी लागतेच, तीही दिली. गजाननने गाडी सुरू केली तेव्हा भास्करभाऊ पुढे त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"एक काम दाखवून येतो याले," म्हणाले. "पिशवीत थेंब टाक माहे."

दोन दिवसांत येतो म्हणाले होते, आठवडा झाला. पाऊस परतीचा होता आणि रोज पडत होता. अंगणात गाडीच्या जागेवर चार चाकांचे ओले ठसे होते तेही धुऊन गेले. थेंब घेतले का, हे विचारायला मी फोन करायची. फोन दुसराच कोणी उचलायचा, मागे इंजिनाचा तो जड आवाज आणि लोकांचा गलका. "भाऊ कामात हाय, वहिनी," असं सांगायचा. मी फोन कानाला तसाच धरून ठेवायची, तो बंद होईपर्यंत.

आठवड्याने ते एसटीतून उतरले. पँट गुडघ्यापर्यंत गाऱ्याने माखलेली, आवाज बसलेला. जेवायला बसल्यावर सगळं सांगितलं. कोणती गाडी, कोणत्या नाल्यात, कुठवर आत, कुटार कोणी टाकलं. मी वाढत राहिले. शेवटी विचारलंच.

"बाहेर कोण उभं राहिलं?"

"गजाननची बायको. तिले शिकवलं. कुठी उभं राहायचं, हात कसा दाखवायचा, पट्ट्यापासून किती दूर. सगळं."

"जमते का तिले?"

भास्करभाऊंनी भाकरीचा तुकडा मोडला. "मले कसं दिसन वं? गाडी निघाली. म्हणजे जमलं असन."

मी हो म्हटलं. त्यांची पँट बादलीत भिजत घातली. पाणी लगेच काळं झालं. मी ते ओतून दिलं आणि पुन्हा बादली भरली.